अननस, धूर आणि पिवळा दिवा

आमच्या हॉस्टेलमध्ये ज्याच्याकडे ब्लूटूथ स्कॅनर आहे त्याला सध्या फार भाव आहे. कुणी घरची गाडी घेऊन आला आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटलेला असला, की त्याला हाक जाते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचायचा, मोबाइलवर कोड बघायचा आणि लगेच क्लिअर दाबायचं. दिवा गेला, चला चहाला! पण मित्रहो, हा दिवा ज्या माणसामुळे तिथे आला तो मेकॅनिकलवाला नव्हता की ऑटोमोबाइलवाला नव्हता. तो अननसाच्या वासावर संशोधन करत होता. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या.)

आरी यान हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरात झाला. तिथल्याच विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, मग वनस्पतींच्या वाढीच्या हॉर्मोन्सवर काम केलं. पुढे अमेरिकेत हार्वर्ड, आणि १९३७ पासून पॅसाडेनाचं कॅलटेक. पॅसाडेना म्हणजे लॉस एंजेलिसला अगदी खेटून.

तेव्हा लॉस एंजेलिसची हवा खराब व्हायला लागली होती. जुलै १९४३ मध्ये एक दिवस इतका दाट धूर आला, की जपानने विषारी वायू सोडला की काय अशी लोकांना शंका आली. डोळे चुरचुरायचे, पालकाची पानं भाजल्यासारखी व्हायची. खापर फुटलं सिंथेटिक रबराला लागणारं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद केला, तरी धूर काही हटेना. मग लंडनसारखा हा गंधकाचाच धूर असणार असं ठरवून त्याच्या मागे लागले.

हागेन-स्मिट त्या वेळी टनावारी अननसांची वाफ अतिथंड नळ्यांतून नेऊन तिचे थेंब गोळा करत होते आणि चव नेमकी कोणत्या रसायनांतून येते ते शोधत होते. १९४८ च्या सुमारास हवेबद्दल त्यांना विचारणा झाली. त्यांनी काय करावं? अननसाऐवजी पॅसाडेनाची हवाच त्याच यंत्रणेत ओढली, सुमारे ३० हजार घनफूट! हाती आले तपकिरी, घाण वासाचे काही थेंब. त्यात ऑक्सिडेशन झालेले हायड्रोकार्बन्स होते. म्हणजे न जळलेलं किंवा अर्धवट जळलेलं पेट्रोल हवेत जातं, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड्सबरोबर कडक उन्हात त्याची प्रक्रिया होते आणि ओझोन तयार होतो. ओझोन मोजायची त्यांची युक्ती तर मला फारच आवडली. रबराची पट्टी वाकवून ठेवायची आणि तिला किती मिनिटांत तडे जातात ते बघायचं. कमी मिनिटं, जास्त ओझोन. आपल्या प्रॅक्टिकलला असं काही असतं तर!

तेल कंपन्यांना हे पचणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पैशावर काम करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने हे निष्कर्ष चूक ठरवायचा प्रयत्न केला. हागेन-स्मिट यांचा स्वभाव भांडखोर नव्हता, त्यांना परत अननसाकडेच जायचं होतं. पण खुद्द कॅलटेकमध्ये झालेल्या एका भाषणात त्यांच्या कामावर टीका झाली आणि गडी चिडला, असं सांगतात. अननस राहिला बाजूला. १९५२ मध्ये त्यांचा गाजलेला पेपर आला आणि हळूहळू सगळ्यांना ते मान्य करावं लागलं.

पुढचं काम समित्यांचं, माझ्या मते प्रयोगशाळेपेक्षा अवघड. १९६६ च्या मॉडेल्सपासून कॅलिफोर्नियात एक्झॉस्टवर मर्यादा आल्या. १९६७ मध्ये राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. गाड्यांचे कारखानदार समोर बसून हे जमणार नाही म्हणायचे आणि हे केमिस्ट्रीचे प्रोफेसर त्यांना आकडे दाखवायचे. १९७३ मध्ये त्यांचं अध्यक्षपद गेलं, त्याच वर्षीचं नॅशनल मेडल ऑफ सायन्सही मिळालं. १९७५ च्या मॉडेल्सपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. १७ मार्च १९७७ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले. त्याआधी दोनच महिने एल मॉन्टे इथल्या बोर्डाच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं होतं.

म्हणजे पिवळा दिवा त्यांनी पाहिलाच नाही. तो त्यांच्याच बोर्डाने नंतर आणला. कारण साधं होतं. गाडी कारखान्यातून पास होऊन निघते, पण तीन वर्षांनी सेन्सर मेला तर कुणाला कळणार? म्हणून १९८८ च्या मॉडेल्सपासून गाडीनेच स्वतःला तपासायचा नियम आला आणि १९९६ पासून सगळ्यांना एकच सॉकेट, एकच कोड. आपल्याकडे हे बीएस ४ बरोबर २०१० मध्ये आलं आणि दुसरा टप्पा २०१३ मध्ये.

आता आपल्या क्लिअरबद्दल. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि कन्व्हर्टर वितळू शकतो, गाडी हळू करा. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. यात कोणता पार्ट बदला हे कोड सांगत नाही. फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल तरी पी ०१७१ येतो, आणि आपण ऑक्सिजन सेन्सर विकत घेऊन बसतो. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने तर नुसता दिवा घालवून पैसे घेतले, आठ दिवसांत दिवा परत हजर.

क्लिअर दाबलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणाचे आरपीएम, तापमान, लोड हे आकडेही पुसले जातात. म्हणून आधी ते वहीत लिहून घ्या. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या शून्यापासून सुरू होतात आणि त्या पुऱ्या झालेल्या नसल्या की कॅलिफोर्नियाच्या तपासणीत दिवा घालवून आलेला माणूस पकडला जातो. तिथे २०१० च्या मॉडेल्सपासून तर पर्मनंट कोड यायला लागले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत. गाडी चालवत राहायची, आणि बिघाड खरंच गेलाय अशी गाडीची स्वतःची खात्री झाली की तीच ते पुसते.