बुळकांडीशी झुंजणारे डॉ. लिंगार्ड

तुमच्या शिरूर-दौंड भागात तुम्ही बैल पाहिलेच असतील. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सारी शेती बैलांवरच चालत असे. नांगर, मोट, गाडी सारे काही बैलच ओढत. अशा वेळी गावात बुळकांडीचा रोग शिरला की गोठेच्या गोठे ओस पडत. जनावराला ताप येई, तोंडात फोड येत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते मरून जाई. बैल मेले की पेरणी राहून जाई आणि घरात उपासमार सुरू होई.

अशा रोगांचा शोध घेण्यासाठी सरकारने १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रयोगशाळा काढली. तेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून इंग्लंडहून डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड आले. ते माणसांचे डॉक्टर होते, पण येथे त्यांनी गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या रोगांचा अभ्यास सुरू केला.

मात्र एक मोठी अडचण होती. बुळकांडी हा अतिशय सांसर्गिक रोग. प्रयोगशाळेतून तो बाहेर पडला, तर आसपासच्या गावांतील जनावरे मरतील! म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा दूर हिमालयात, मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. १८९७ मध्ये क्षयाचा जंतू शोधणारे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तिला भेट दिली.

रोगातून वाचलेल्या जनावराला तो रोग सहसा पुन्हा होत नाही. त्याच्या रक्तापासून काढलेले सीरम टोचले, तर निरोगी जनावराचेही रक्षण होते. पुढे मुक्तेश्वरला असे सीरम तयार होऊ लागले. पण त्याचा परिणाम थोडे दिवसच टिके. १९२० नंतरच्या काळात तेथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी अधिक टिकाऊ लस शोधली.

पुढे गावोगाव लसीकरण झाले. भारतात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ मध्ये आली. २०११ मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. हा दिवस पाहायला लिंगार्ड नव्हते. पण त्यांनी पुण्यात सुरू केलेले काम इतरांनी तडीस नेले. तुमच्या गावात जनावरांना लस टोचायला डॉक्टर येतील, तेव्हा त्यांची आठवण जरूर ठेवा.