रायतूरचा ग्रंथ आणि फादर थॉमस स्टीफन्स



इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात हिलमार्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील संत लॉरेन्सच्या अँग्लिकन चर्चमध्ये एक जाडजूड जुने बायबल होते. गावकरी ते रोज पाहत असत, पण त्याचे मोल कोणाला ठाऊक नव्हते. २०११ साली तज्ज्ञांनी ते तपासले. राजा जेम्सच्या आज्ञेने तयार झालेल्या आणि १६११ साली छापलेल्या बायबलच्या पहिल्या आवृत्तीची ती प्रत निघाली. चारशे वर्षांचा ठेवा त्या छोट्या धर्मग्रामात सर्वांच्या डोळ्यांसमोरच पडून होता.

या बातमीशी आपला काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की हिलमार्टनच्या शेजारीच क्लिफ पिपर्ड नावाचा धर्मग्राम आहे. त्यातील बुशटन या वस्तीत १५४९च्या सुमारास एक मुलगा जन्मला. पुढे त्याने आपल्या मराठी भाषेत ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ १६१६ मध्ये, म्हणजे त्या बायबलनंतर अवघ्या पाच वर्षांनी गोव्यात छापला गेला. तो मुलगा म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

थॉमसचे वडील लंडनमध्ये व्यापार करीत. थॉमस विंचेस्टरच्या शाळेत शिकला. राणी एलिझाबेथच्या त्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून राहणे सोपे नव्हते. मिस्सा लपूनछपून व्हायची, धर्मगुरूंना आसरा देणे धोक्याचे होते. थॉमस पाऊंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर स्टीफन्सने रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचे ठरवले. पण निघण्यापूर्वीच पाऊंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगातच गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोहोचला आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. मित्राला मात्र तो विसरला नाही. पाऊंडलाही संघात घ्यावे म्हणून त्याने वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १५७८ मध्ये तुरुंगात असलेल्या पाऊंडला संघाचा सदस्य म्हणून स्वीकारण्यात आले.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून गलबतात बसले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ते २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले इंग्रज मानले जातात. आल्यावर लगेच त्यांनी वडिलांना प्रवासाची हकिकत सांगणारे लांबलचक पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तेथील लोकांना भारताच्या वाटेची माहिती झाली. आपली भूमी मात्र स्टीफन्स यांनी पुन्हा कधीच पाहिली नाही.

त्यांचे कार्यक्षेत्र होते साष्टी. आपल्या मुंबईजवळची साष्टी नव्हे, तर दक्षिण गोव्यातील मडगाव, रायतूरचा परिसर. तेथे त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात राग धुमसत होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुदॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यानंतर गावाच्या पुढाऱ्यांनाही पोर्तुगीजांनी ठार केले. आपल्या बांधवांचे मृतदेह आणून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्याच वर्षी राल्फ फिच आणि इतर इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हाही त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स धावून गेले. ते व्यापारी आपल्या धर्ममताचे आहेत की नाहीत, हे त्यांनी पाहिले नाही.

अशा दिवसांत लोकांच्या मनापर्यंत पोहोचायचे कसे? फादर स्टीफन्स यांनी लोकांची भाषा शिकण्याचा मार्ग धरला. ते कोकणी बोलू लागले, मराठी ग्रंथ वाचू लागले. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, हे १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले. भाषापंडितांना ही गोष्ट मांडायला आणखी दोनशे वर्षे लागली.

नवख्रिस्ती लोकांची एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. बाप्तिस्मा झाला, प्रार्थना पाठ झाल्या, पण पूर्वी घरोघरी ऐकली जाणारी पुराणे बंद झाली होती. त्या जागी काहीच आले नव्हते. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी असा प्रसंग घातला आहे की, साष्टीच्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींना विनवतो की, आम्हांलाही आमच्या भाषेत पुराण द्या. त्या मागणीला उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मले.

या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या वचनापर्यंतची कथा येते, दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. ओवी आपली, शब्द आपले, स्वर्गाला नावसुद्धा वैकुंठ. मराठी भाषेची थोरवी सांगताना खड्यांतले रत्न, फुलांतला मोगरा, सुगंधांतली कस्तुरी अशा उपमा त्यांनी दिल्या. मराठीचे असे कौतुक करणारा हा माणूस जन्माने इंग्रज होता!

ग्रंथ देवनागरीत छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला वरिष्ठांकडे त्या लिपीचे खिळे पाडण्याविषयी विनंतीही केली. ते जमले नाही. शेवटी १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात ग्रंथ रोमन लिपीत निघाला. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले. त्यांची कोकणीतील धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या पश्चात छापले गेले. ‘ख्रिस्तपुराणा’च्याही १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

आणि आज? या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत कोठे सापडलेली नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. राज्यकर्त्यांना नकोशा झालेल्या भाषेतील ग्रंथ कोण जपणार? जे उरले असेल ते वाळवीने, दमट हवेने आणि दुर्लक्षाने संपले.

पण ग्रंथ मेला नाही. भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या वह्या बरोबर नेल्या, पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, घरात वाचल्या, गायल्या. अशा हस्तलिखितांवरूनच जे. एल. सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले. लंडनच्या मार्सडन संग्रहात तर एक देवनागरी हस्तलिखित सापडले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा फादर स्टीफन्स यांची साडेतीन शतकांपूर्वीची इच्छा पुरी झाली. पुढे १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची, तर २००९ मध्ये सालेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती आली.

बंधुभगिनींनो, हिलमार्टनचे बायबल वाचले, कारण चर्चमध्ये ते कोणी टाकून दिले नाही. ‘ख्रिस्तपुराण’ वाचले, कारण साध्या कुटुंबांनी ते हातांनी लिहून जपले. मोठ्या ग्रंथालयांच्या आधी ही जबाबदारी घराची आणि धर्मग्रामाची असते. आपल्या माळ्यावर, आजीच्या पेटीत, चर्चच्या जुन्या कपाटात एखादे प्रार्थनापुस्तक, गीतांची वही किंवा जुने धर्मशिक्षणाचे पुस्तक पडून असेल. पाने सुटली आहेत, मुखपृष्ठ नाही, लिपी कळत नाही, म्हणून ते रद्दीत देऊ नका. आधी आपल्या फादरांना दाखवा. त्याच्या कोऱ्या पानावर आजोबांनी लिहिलेली जन्ममृत्यूची नोंदसुद्धा आपल्या श्रद्धेच्या इतिहासाचा भाग आहे.

आणि आणखी एक. ‘ख्रिस्तपुराण’ आज छापील रूपात मिळते. येत्या प्रायश्चित्तकाळात संध्याकाळच्या रोझरीनंतर त्यातील दहा ओव्या तरी घरात मोठ्याने वाचू या. फादर स्टीफन्स यांनी ते कपाटात ठेवण्यासाठी लिहिले नव्हते.