स्वयंपाकघरात बनलेला हेडफोन थेट युद्धनौकेवर कसा पोचला? नॅथॅनियल बाल्डविनची गोष्ट आणि तुमची पहिली खरेदी

ऑनलाइन सेल लागला की मोबाइलवर हेडफोनच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. ८० टक्के सूट, दणदणीत बेस, ६० तासांची बॅटरी. इअरबड वापरून कंटाळलेला माणूस मनाशी ठरवतो की यंदा कान पूर्ण झाकणारा, मोठा, चांगला हेडफोन घ्यायचाच. खिशात असतात चार-पाच हजार रुपये आणि समोर असतात पन्नास मॉडेल्स. दोन-चार रिव्ह्यू पाहिले की उरलासुरला निर्णयही डळमळतो.

अशा वेळी शंभरेक वर्षं मागे जाऊन एका माणसाची गोष्ट वाचली तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. या माणसाचं नाव नॅथॅनियल बाल्डविन. आधुनिक हेडफोनचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिकेचं नौदल. हे गिऱ्हाईक नावाला भुललं नाही, कारण बाल्डविनला तेव्हा नावच नव्हतं. त्यांनी माल कानाला लावून पाहिला आणि मग ठरवलं.

नोकरी गेलेला मास्तर

बाल्डविनचा जन्म १ डिसेंबर १८७८ चा, अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या फिलमोर गावचा. घर मॉर्मन पंथाचं. पोरगा हुशार, यंत्रांत रमणारा. पुढे त्याने कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि यूटात परत येऊन प्रोव्हो इथल्या ब्रिगहॅम यंग अकॅडमीत शिकवायला लागला.

पण त्याची धार्मिक मतं आडवी आली. मॉर्मन चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. बाल्डविनला मात्र ही प्रथा चालू राहावी असं वाटायचं, आणि तो हे मत लपवायचा नाही. शेवटी शिकवण्याची नोकरी गेली. मग हा स्टॅनफर्डचा इंजिनिअर डोंगरातल्या एका जलविद्युत केंद्रावर काम करू लागला. तिथे रिकामा वेळ मिळायचा आणि डोक्यात एक जुना प्रश्न घोळत असायचा.

तो प्रश्न होता ऐकू येण्याचा. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मनांचं भलंमोठं सभागृह आहे, टॅबरनॅकल. हजारो माणसं बसतील एवढं. माइक आणि स्पीकर यायच्या आधीचा तो काळ. मागे बसलेल्यांना प्रवचन नीट ऐकू यायचं नाही. असं सांगतात की बाल्डविनही त्याच वैतागलेल्या श्रोत्यांपैकी एक होता. आवाज मोठा कसा करता येईल याचे प्रयोग त्याने तिथूनच सुरू केले. आधी दाबलेल्या हवेचा वापर करून पाहिला, आणि त्या वाटेने चालत तो टेलिफोनच्या रिसीव्हरपर्यंत आला.

आत नेमकं काय वेगळं होतं?

तेव्हाच्या साध्या रिसीव्हरमध्ये लोखंडाची एक पातळ चकती असायची आणि तिच्यामागे चुंबक. चुंबक त्या चकतीला सतत आपल्याकडे ओढून धरायचं. आधीच ताणलेली चकती बारीक सिग्नलला सहज हलत नाही. त्यामुळे क्षीण आवाज विरून जायचा.

बाल्डविनने चकती चुंबकापासून मोकळी केली. चुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध लोखंडाची एक छोटी पट्टी तोलून धरली, तिच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी ठेवली आणि एका काडीने ती पट्टी अभ्रकाच्या चकतीला जोडली. तराजूचा काटा मध्यावर उभा असावा तशी ही पट्टी. दोन्हीकडून ओढ सारखी, म्हणून जरासा सिग्नल आला तरी ती हलणार आणि अभ्रक थरथरणार.

याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. याच तत्त्वावरचे इवलेसे ड्रायव्हर आजही श्रवणयंत्रांत आणि महागड्या इन-इअर फोनमध्ये असतात. कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये मात्र आज बहुतेक वेळा डायनॅमिक ड्रायव्हर असतो, म्हणजे स्पीकरचंच छोटं रूप.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का होतं? कारण तेव्हा वायरलेस सेटमधला आवाज वाढवणारा अँप्लिफायर वापरात नव्हता. अँटेनाने हवेतून जेवढी ऊर्जा पकडली, तेवढ्यावरच भागवायचं. समुद्रावर बसलेल्या ऑपरेटरला दूरच्या जहाजाचा संदेश ऐकू येणार की नाही, हे त्याच्या कानावरच्या रिसीव्हरवर ठरायचं.

जांभळ्या शाईतलं पत्र

बाल्डविनने आपला शोध खासगी कंपन्यांना दाखवून पाहिला, पण कुणी हात धरला नाही. १९१० मध्ये अमेरिकन नौदलाच्या वायरलेस विभागात त्याचं पत्र पोचलं. ते निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईत लिहिलेलं होतं. सरकारी कचेरीत असं पत्र आलं तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. पण विभाग सांभाळणाऱ्या हेपबर्न नावाच्या अधिकाऱ्याने सोबतचा नमुना फेकून दिला नाही. तो चाचणीला लावला.

निकाल पाहून मंडळी चकित झाली. हाताशी असलेल्या रिसीव्हरपेक्षा हा कितीतरी जास्त संवेदनशील होता. तक्रार एकच निघाली. डोक्यावरचा पट्टा त्रासदायक होता.

इथे थोडं थांबा, कारण आपल्या खरेदीचा पहिला धडा इथेच आहे. आवाज अव्वल होता, तरीही नौदलाने पट्ट्यावर बोट ठेवलं. ऑपरेटरला ते यंत्र चार-चार तास डोक्यावर बाळगायचं होतं. वीस मिनिटांत कान दुखायला लागले तर सुंदर आवाजाचा उपयोग काय?

बाल्डविनने नवा पट्टा केला. चामड्याने मढवलेल्या दोन तारा, दोन्ही टोकांना रिसीव्हर. रिसीव्हर वरखाली सरकवता येईल आणि डोक्याच्या आकाराप्रमाणे वळेल अशी जोडणी. आज तुम्ही कुठलाही मोठा हेडफोन हातात घ्या, त्याची मूळ रचना हीच दिसेल.

नौदलाने मागणी नोंदवली. त्यावर बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच नग जमतील. कारण तो हे हेडफोन घरी, स्वयंपाकघरात बसून बनवत होता!

नौदलाने त्याला आणखी एक शहाणपणाचा सल्ला दिला होता. या पट्ट्याचं पेटंट घे. बाल्डविनला ती गोष्ट फारच किरकोळ वाटली. त्याच्या मते खरा शोध आतल्या यंत्रात होता, बाहेरच्या पट्ट्याचं काय एवढं? त्याने पेटंट घेतलं नाही. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तसाच पट्टा वापरला आणि बाल्डविनला त्यातून दमडीही मिळाली नाही.

भरभराट आणि घसरण

१९१४ च्या सुमारास सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिलक्रीक भागात बाल्डविनचा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धाने मागणी वाढवली. १९२० नंतर अमेरिकेत रेडिओचं वेड पसरलं. घरोघरी क्रिस्टल सेट आले. या सेटना वीज लागायची नाही, बॅटरीही लागायची नाही. लागायचा तो फक्त संवेदनशील हेडफोन, आणि त्यात बाल्डविनचं नाव आघाडीवर होतं. कारखान्यात सुमारे दीडशे माणसं कामाला होती, उलाढाल लाखो डॉलरची.

पैसा आला, पण त्याला वाट फुटली ती जुन्या श्रद्धेची. बहुपत्नीत्व चालू ठेवू पाहणाऱ्या, चर्चने दूर केलेल्या लोकांना बाल्डविनने जवळ केलं. त्यांना नोकऱ्या दिल्या, कंपनीत जागा दिल्या, त्यांच्या कामाला पैसा पुरवला. माणूस आपल्या विचारांचा आहे म्हटल्यावर त्याचा हिशेब तपासायची त्याला गरज वाटेना. त्याच्या नावावर नव्या योजना उभ्या राहिल्या, शेअर विकले गेले.

१९२४ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. १९३० मध्ये टपालाचा वापर करून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली तो दोषी ठरला. शिक्षा झाली पाच वर्षांची. वॉशिंग्टन राज्यातल्या मॅकनील बेटावरच्या तुरुंगात त्याने त्यातली सुमारे दोन वर्षं काढली. सुटून आला तेव्हा कारखाना आणि पैसा दोन्ही गेलं होतं. त्यानंतर तो जवळपास तीस वर्षं जगला. १९ जानेवारी १९६१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या आधी तीनच वर्षं, १९५८ मध्ये मिलवॉकीत जॉन कॉसने संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला होता. हेडफोन ऑपरेटरच्या टेबलावरून दिवाणखान्यात आला, आणि तिथून पुढे तुमच्या-आमच्या डोक्यावर.

मग पहिला हेडफोन कसा निवडायचा?

नौदलाने जशी परीक्षा घेतली, तशीच आपणही घ्यायची.

१. आधी डोकं, मग कान. हेडफोन आला की निदान एक तास सलग घालून बसा. वजन २५०-३०० ग्रॅमच्या आत असेल तर बरं. गादीच्या आत पूर्ण कान मावला पाहिजे. चष्मा असेल तर चष्मा लावूनच तपासा. काडीमुळे गादी आणि डोकं यांच्यात फट राहिली की बेस गळून जातो. टोचत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा. सवय होईल म्हणून ठेवू नका.

२. तुमच्या मोबाइलला तो झेपतो का? क्रिस्टल सेटच्या काळात साधारण २००० ओहमचे हेडफोन असायचे, ते त्या सेटला जुळायचे म्हणून. आज मोबाइलसाठी ३२ ओहमच्या आसपासचा आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन सोपा पडतो. २५० ओहमचं स्टुडिओ मॉडेल स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, तर मोबाइलवर आवाज दबका येईल आणि अँप्लिफायरचा खर्च वेगळा. मोबाइलला जॅक नसेल तर टाइप-सी डाँगलचे पैसेही बजेटमध्ये धरा.

३. पैसे नेमके कशात जातायत? चार-पाच हजारांच्या वायरलेस हेडफोनमध्ये ती रक्कम बॅटरी, ब्लूटूथ चिप, माइक आणि नॉइज कॅन्सलेशनमध्ये वाटली जाते. तेवढ्याच किमतीच्या वायरवाल्या हेडफोनमध्ये ती ड्रायव्हर आणि बांधणीवर जास्त लागते. घरी एका जागी बसून गाणी ऐकायची असतील तर वायरवाला फायद्याचा. लोकलच्या गर्दीत वापरायचा असेल तर वायरलेसची सोय खरी, पण ती सोय विकत घेतोय हे माहीत असू द्या.

४. बंद की उघडा? बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो आणि तुमची गाणी शेजाऱ्याला ऐकवत नाही. उघड्या पाठीचा मोकळा, ऐसपैस वाटतो, पण तो शांत खोलीतच शोभतो. पहिला आणि एकच घ्यायचा असेल तर बहुतेकांसाठी बंद बरा.

५. सुटे भाग मिळतात का? गाद्या दोन-तीन वर्षांत फाटतात आणि वायर त्याआधीच तुटू शकते. दोन्ही बदलता येत असतील तर चार हजारांचा हेडफोन दहा वर्षंही चालू शकतो. नसतील तर तोच हेडफोन महाग पडतो.

६. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्याने कमी करावी लागते. हेडफोन बदलता येतो, गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.

बाल्डविनला आवाजातला बारीकसा फरक कळायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्याने नुसत्या विश्वासावर काम चालवलं, आणि तिथेच तो बुडाला. सेलच्या दिवशी बॉक्सवर कुठल्या स्टारचा फोटो आहे किंवा कुठल्या इन्फ्लुएन्सरने लिंक दिली आहे, एवढ्यावर बोट दाबायच्या आधी त्या अनोळखी अधिकाऱ्याला आठवा. जांभळ्या शाईच्या पत्राला तो हसला नाही आणि भुललाही नाही. त्याने आलेला नमुना कानाला लावायला दिला.