मातीचं गणित मांडणारे आर्नोल्ड सोमरफेल्ड

रेडिओची अँटेना आकाशाकडे तोंड करून उभी असते. पण तिचं काम पायाखालच्या जमिनीवरही अवलंबून असतं, हे तुम्हाला माहीत आहे का? हे गणिताने मांडलं आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी. जन्म ५ डिसेंबर १८६८, प्रशियातील कोनिग्सबर्ग. १९०६ पासून ते म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक होते.

तेव्हा बिनतारी संदेश नवीनच होते. लाट जमिनीलगत नेमकी कशी जाते, हा प्रश्न सोमरफेल्ड यांनी १९०९ मध्ये हाती घेतला.

आता बघा, माती म्हणजे तांब्याची तार नव्हे आणि काचही नव्हे. लाट मातीत शिरली की थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. थोडी ऊर्जा माती क्षणभर धरून ठेवते आणि मग परत देते. म्हणून जमिनीचा इम्पिडन्स एका आकड्यात मावत नाही. किती वाया गेली आणि किती धरून ठेवली, असे दोन भाग लागतात. अशा संख्येला संमिश्र संख्या म्हणतात. जमीन बदलली की हे दोन्ही भाग बदलतात. समुद्राचं पाणी साध्या मातीपेक्षा सुमारे हजार पट चांगलं वीजवाहक असतं, म्हणून किनाऱ्यावरची अँटेना मुरमाड माळावरच्या अँटेनासारखी वागत नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. १९१९ मध्ये हेर्मान वाइल यांनी हेच गणित वेगळ्या वाटेने सोडवलं आणि उत्तर जुळेना! सोमरफेल्ड १९२६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, पुन्हा त्याच गणिताला बसले. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेच्या नॉर्टन यांनी जुन्या लेखात चिन्हाची चूक असल्याचं सांगितलं. हो, तेच अधिक-उणे, ज्यासाठी आम्ही तुमच्या वहीत लाल गोल करतो! ती चूक खरंच होती का, यावर नंतरही अनेक वर्षं वाद झाला.

हायझेनबर्ग, पाउली, बेथे हे त्यांचेच विद्यार्थी. तिघांनाही नोबेल मिळालं. गुरूंचं नाव ऐंशीहून जास्त वेळा सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. मला तर हे आजही खटकतं. १९२८ मध्ये ते भारतात आले, कोलकात्यात रामन यांना भेटले.

१९५१ मध्ये नातवंडांसोबत फिरताना त्यांना गाडीने धडक दिली आणि २६ एप्रिलला ते गेले. आज संगणकावर अँटेनाचं मॉडेल करताना जमिनीचा प्रकार निवडावा लागतो. त्यातल्या एका पर्यायाचं नाव आहे सोमरफेल्ड-नॉर्टन.