रेव्हरंड ना. वा. टिळक: पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार भरवणारा कवी

१९१७ साली एका ५५ वर्षांच्या पाद्र्याने अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला. घरी शिल्लक म्हणावी अशी नव्हती. प्रकृतीही फारशी साथ देत नव्हती. इतरांनी निवृत्तीचा विचार करावा अशा वयात हा माणूस संन्यासी व्हायला निघाला होता. साताऱ्यात राहून त्याला देवाचा दरबार भरवायचा होता. हे काम देवानेच आपल्यावर सोपवलंय, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याचं नाव नारायण वामन टिळक. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना हे नाव फुलामुलांचे कवी म्हणून माहीत असतं. अनेकांची पहिली ओळख मात्र त्यांच्या पत्नीमुळे होते. लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे हे मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या आत्मचरित्रांपैकी एक आहे.

आडनावामुळे घोटाळा होतो, म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लोकमान्य टिळक वेगळे आणि हे वेगळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन घराण्यातले आणि एकाच काळातले. लोकमान्य वयाने पाच वर्षांनी मोठे.

कल्याणच्या शाळेतला मुलगा

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. बालपणाचा महत्त्वाचा काळ मात्र कल्याणात गेला. १८६९ ते १८७३ या वर्षांत ते कल्याणच्या शाळेत शिकत होते. आज कल्याण आणि डोंबिवली मिळून एक महापालिका आहे आणि पहाटेपासून लोकलला गर्दी असते. तेव्हा कल्याण हे जुनं बंदराचं गाव होतं. रेल्वे तिथे १८५४ सालीच पोहोचली होती, म्हणजे नारायण शाळेत जाऊ लागला तेव्हा आगगाडीला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

वडील वामनराव तापट होते. आई जानकीबाई मात्र हळव्या आणि भाविक, स्वतः पद्यरचना करणाऱ्या. मुलाला कवितेची गोडी लागली ती आईकडून. नारायण लहान असतानाच आई गेली आणि कल्याणचं घर त्याच्यासाठी संपलं. पुढे तो नाशिकला गेला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. थोडं इंग्रजी शिक्षणही झालं, पण मॅट्रिकपर्यंत मजल गेली नाही. पोटासाठी मास्तरकी धरावी लागली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातल्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. तेव्हा ती बारा वर्षांचीही झालेली नव्हती.

हातात पैसा न टिकणारा माणूस

पुढची दहा-बारा वर्षं टिळक एका जागी टिकले नाहीत. कुठे शिक्षक, कुठे कीर्तन-पुराण, कुठे छापखान्यात जुळारी. नोकरी लागली की काही दिवसांत सुटायची. कधी घरात न सांगताच ते निघून जात. हातात आलेले पैसे समोर पहिला जो गरजू दिसेल त्याच्याकडे जात आणि घरातले डबे रिकामेच राहत.

स्मृतिचित्रे वाचताना या सगळ्या प्रसंगांवर हसू येतं, कारण लक्ष्मीबाईंनी ते हसत सांगितले आहेत. पण चूल पेटवायची जबाबदारी त्यांचीच होती. टिळकांना वस्तूंचा मोह नव्हता हे खरं, आणि त्यांच्या या निर्मोहीपणाचा भार घरातली बाई उचलत होती हेही तितकंच खरं.

१८९१ च्या सुमारास नागपुरात थोडे स्थैर्याचे दिवस आले. तिथले धनिक अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं आणि ऋषी नावाच्या मासिकाचं संपादनही त्यांच्याकडे आलं. याच काळात त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला एकत्र आणेल असा धर्म हवा. देव एक आणि सगळी माणसं भावंडं, हे त्याचं मुख्य सूत्र. अशा धर्माची तत्त्वंसुद्धा त्यांनी स्वतःपुरती मांडून ठेवली होती.

आगगाडीतली भेट

१८९३ साली टिळक नव्या नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. हे संस्थान आजच्या छत्तीसगडमध्ये येतं. आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. कवितेवर आणि धर्मावर गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी वॉर्डने त्यांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचून काढा असा आग्रह धरला.

टिळकांनी शब्द पाळला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना आपण शोधत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. पुढची दोनेक वर्षं वाचन, पत्रव्यवहार आणि मनातली ओढाताण यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पहिल्यांदा सोडलं ते काय?

कागदोपत्री पाहिलं तर धर्म बदलणाऱ्याचं फारसं काही जात नव्हतं. १८५० सालच्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी सोय केली होती. पण टिळकांकडे जे होतं ते सातबाऱ्यावरचं नव्हतं. विद्वान शास्त्री आणि कवी म्हणून नाव होतं, पंगतीतलं पान होतं, नातेवाइकांचे उघडे दरवाजे होते. हे सगळं एका दिवसात बंद झालं.

आणि एक गोष्ट अशी होती जी सोडण्याचा अधिकार एकट्या टिळकांचा नव्हता. ती म्हणजे संसार. बाप्तिस्म्याचा निर्णय लक्ष्मीबाईंच्या संमतीने झाला नव्हता. कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहू लागल्या. याच दुःखात त्यांनी स्वतःच्या कविता रचायला सुरुवात केली.

धर्म बदललेल्या व्यक्तीचा जोडीदार नांदायला तयार नसेल, तर लग्न मोडून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने खुली केली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले आणि थांबून राहिले. चार-साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या. आल्यावरही काही काळ त्यांनी आपलं सोवळं आणि वेगळी चूल सांभाळली, आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जात माणसाने केली आहे, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना विचार करता करता पटलं. त्यानंतर त्यांनी सोवळं सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

एकाने झपाट्यात घेतलेली उडी दुसरीला पाच वर्षं चालत गाठावी लागली. टिळकांच्या त्यागाचा हिशेब मांडताना ही पाच वर्षं वगळता येत नाहीत.

स्वप्न कामाला कसं लागलं?

नवा धर्म स्वीकारल्यावर टिळकांना एक गोष्ट सतत खुपत राहिली. इथे ख्रिस्ती होणारा माणूस हळूहळू आपल्याच लोकांना परका होतो. चर्चमधली गाणी परदेशी चालींवर बेतलेली आणि त्यांची भाषा भाषांतराची. साहजिकच शेजाऱ्यांना हा साहेबाचा धर्म वाटे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ताची भक्ती त्याच भाषेत करता यावी, हे टिळकांचं स्वप्न होतं. आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणाऱ्या वाटेत तुकारामाचा मोठा वाटा आहे, असं ते मोकळेपणाने मानत.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ते मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. त्यांनी शंभराहून अधिक गीतं आणि भजनं लिहिली. अभंगाच्या वळणाची ही गाणी टाळ-मृदंगावर म्हणता येत. कीर्तनाची कला तर त्यांच्या अंगातच होती, ती त्यांनी चर्चमध्ये आणली. १९०९ साली त्यांनी ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं होतं. त्यानंतर तीनशे वर्षांनी ख्रिस्ताची कथा पुन्हा मोठ्या मराठी काव्यात उतरत होती.

१८४२ साली सुरू झालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळलं. १९१४ साली टिळकांची कविता हा संग्रह निघाला. फुलं, मुलं, पाखरं आणि देश हे त्यांच्या कवितेचे लाडके विषय. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, हे त्यांच्या देशभक्तीच्या कवितांमधून स्पष्ट दिसतं.

घर मात्र आधीसारखंच होतं. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुलं यांचा राबता कायम. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, याच घरात पोरासारखे राहिले. फरक इतकाच पडला होता की आता हे दार लक्ष्मीबाईही स्वतःहून उघडत होत्या. ज्या बाईने पूर्वी शिवाशिव पाळली, तिच्याच हातचं अन्न कुठल्याही जातीच्या मुलाला मिळत होतं.

पगार का सोडला?

आता १९१७ च्या राजीनाम्याकडे येऊ. मिशनशी भांडण झालं म्हणून टिळक बाहेर पडले, असं समजणं चुकीचं ठरेल. अडचण पगाराची होती. महाराष्ट्रात संत कधी पगारी नव्हता. कीर्तनकाराने, साधूने जे सांगितलं ते लोकांना पटायचं, कारण सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ दिसत नसे. परदेशातून येणाऱ्या पैशावर ज्याचं घर चालतं, त्याने कितीही कळकळीने उपदेश केला तरी ऐकणाऱ्याच्या मनात किंतु राहतोच. हा किंतु काढायचा तर पगार सोडणं भाग होतं.

म्हणून त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचा मार्ग धरला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. ही कल्पना त्या काळाच्या मानाने फार धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी या दरबारात बरोबरीने बसणार होते. कोणत्याही एका चर्चची मालकी त्यावर नव्हती. आपली जात, आपला पंथ आणि आपला मोठेपणा बाहेर ठेवून आत यायचं, एवढीच अट. बाप्तिस्म्याशिवाय अनुयायी कसा, हा प्रश्न मिशनमधल्या अनेकांना पडणं स्वाभाविक होतं. चर्चच्या दारावर थबकलेल्या माणसांसाठीच टिळकांना जागा करायची होती.

दोन वर्षांत काय झालं?

या प्रयोगाला वेळ फार थोडा मिळाला. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले. पुढे टिळकांचं दुखणं वाढलं आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं ५७. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावरच उभा होता. त्यांच्यामागे तो टिकला नाही. ख्रिस्तायनाचेही सुरुवातीचे थोडे अध्यायच लिहून झाले होते.

म्हणजे स्वप्न वाया गेलं का? जे संस्था म्हणून उभारायचं होतं ते उभं राहिलं नाही, हे मान्य करावं लागतं. पण गाणी राहिली. मराठी चर्चमध्ये आजही रविवारी टिळकांची पदं म्हटली जातात. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ साली भारतीय पद्धतीने राहणाऱ्यांचा ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि १९२३ साली इंग्रजीत टिळकांचं चरित्रही लिहिलं.

अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईने त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. १९३४ पासून स्मृतिचित्रे पुस्तकरूपाने येऊ लागलं. त्यात टिळकांचा मोठेपणा आहे, तसाच त्यांचा विक्षिप्तपणा, राग आणि बेफिकिरीही आहे. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.

टिळकांनी आयुष्यात दोनदा हातातलं सोडलं. पहिल्यांदा जात आणि प्रतिष्ठा, दुसऱ्यांदा पगार आणि पद. आपली वस्तू सोडणं त्यांना कधीच जड गेलं नाही. आपल्यासोबत दुसऱ्याचं काय सुटतंय, हे पाहायला मात्र त्यांना वेळ लागला. ते शिकवलं लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांचं अपुरं काव्य पुढे नेलं तेही त्यांनीच.