तासाला न बसणारा विद्यार्थी

धुळे शहरातील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जुन्या पोथ्या, बखरी आणि मोडी कागदांची दफ्तरे जपून ठेवलेली आहेत. ज्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे विद्यार्थिदशेत मात्र कोणत्याही शिक्षकाला शोभेचे वाटले नसते. नेमलेले पुस्तक बाजूला सारून आपल्या आवडीचे पुस्तक उघडणारा विद्यार्थी प्रत्येक पिढीत असतो. राजवाड्यांनी ही सवय आयुष्यभर सोडली नाही आणि तिची किंमतही आयुष्यभर मोजली.

त्यांचा जन्म १८६३ मध्ये कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. नातेवाइकांच्या आधाराने शिक्षण पुण्यात सुरू झाले, पण एका शाळेत ते फार काळ टिकले नाहीत. ज्या शाळांतून ते गेले, त्यांतील घोकंपट्टीविषयी आणि शिक्षकांच्या तुटपुंज्या तयारीविषयी त्यांच्या मनात जी चीड साठली, तिला त्यांनी पुढे विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातील लेखात वाट करून दिली. कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील आपला अनुभव सांगणारा हा लेख मराठीतील शिक्षणविषयक लेखनात आजही वेगळा उठून दिसतो. त्यात शिक्षणपद्धतीचे वाभाडे आहेतच, परंतु त्याहून अधिक महत्त्वाचा आहे तो एका तरुणाने स्वतःला कसे शिकविले याचा हिशेब.

१८८२ मध्ये ते मॅट्रिक झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातले, पण पैशाअभावी ते सोडावे लागले. नंतर थोरले बंधू वैजनाथ यांच्या मदतीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे विद्वान त्या काळी तेथे शिकवीत. अशा कॉलेजातही राजवाडे तासांना फारसे फिरकले नाहीत. व्यायामाने शरीर कमवावे आणि उरलेला वेळ आपण निवडलेल्या ग्रंथांना द्यावा, असा त्यांचा क्रम होता. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र यांपैकी परीक्षेला काय आहे आणि काय नाही, याची त्यांनी पर्वा केली नाही. कॉलेजातून त्यांनी खरे घेतले ते तेथील ग्रंथालय.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मॅट्रिक ते बी. ए. या वाटचालीला जवळजवळ नऊ वर्षे लागली. पदवी हाती पडली ती १८९१ च्या सुमारास. आज हा हट्ट कौतुकाने सांगितला जातो, पण बेताच्या परिस्थितीतील घरात शिकत्या मुलाची लांबलेली वर्षे कोणाला तरी ओढावी लागतात. ती भावाने ओढली. राजवाड्यांच्या चरित्रात वैजनाथ काशिनाथांचे नाव ओझरते येते, हे थोडे अन्यायाचेच आहे.

पदवीनंतर पुण्यात काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. ज्या व्यवस्थेवर विश्वास नाही तिच्यातच शिकवायचे, हे फार दिवस जमणारे नव्हते. याच सुमारास पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरी सुटली ती कायमची. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखा ग्रंथ मराठीत आणला. आपण मोकळेपणी वाचलेले इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचावे, अशी त्यामागची धडपड होती. हे मासिक काही वर्षांतच बंद पडले.

त्यानंतर वाईला जुन्या कागदपत्रांचा साठा हाती आला आणि आयुष्याची दिशा ठरली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे एकूण बावीस खंड झाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले, स्वतःच्या हाताने रांधून जेवले, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून कागद सोडवून आणले. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना हे काम नेमून दिलेले नव्हते. लिहायचे ते मराठीतच, हा निर्धारही कायम राहिला.

७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पण ज्याला वर्ग मानवला नाही त्याला सभासमित्या मानवणे कठीणच होते. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. कोणाकडून शिस्तीने न शिकण्याचा दोष त्यांच्या लेखनातही उतरला आहे. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आणि भाषेविषयीचे सिद्धांत पुढील अभ्यासकांनी स्वीकारले नाहीत. कागद शोधताना त्यांची जी स्वतंत्र बुद्धी उपयोगी पडली, तीच शब्दांचा शोध घेताना पुष्कळदा सैल सुटली.

अखेरच्या काळात त्यांना आधार दिला तो खानदेशाने. शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट यांच्यासारख्या मंडळींमुळे धुळ्यात समर्थ वाङ्मयाच्या संशोधनाचे वातावरण होते. त्याच वर्षांत, धुळ्यापासून काही कोसांवरच्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी नावाचे एक तरुण शिक्षक वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक लिहीत होते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मुलांच्या हाती आपण होऊन देणारा असा शिक्षक राजवाड्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

राजवाडे धुळ्यात आले तेव्हा शरीर थकलेले होते, पण मराठी धातूंचा कोश करण्याचे काम चालूच होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती अशी नव्हतीच, होती ती टिपणे आणि कागद. १९२७ मध्ये भास्कर वामन भट आदींनी त्यांच्या नावाचे मंडळ स्थापन केले आणि तो ठेवा सांभाळला. अपुरा राहिलेला धातुकोश या मंडळानेच पुढे छापून प्रसिद्ध केला.