वेताळाचा व्हॅम्पायर करणारा मराठीचा परीक्षार्थी : रिचर्ड बर्टन

मराठी वाङ्मयेतिहासात रिचर्ड फ्रान्सिस बर्टन या नावाला स्थान नाही, आणि ते असण्याचे वरवर पाहता कारणही नाही. त्याने मराठीत एक ओळ लिहिली नाही. मात्र कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील एक तरुण सैनिकी अधिकारी म्हणून १८४४ मध्ये त्याने मराठीची परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. पुढे पाव शतकाने ज्या कथाचक्राला मराठी घरांत वेताळपंचविशी म्हणतात, त्याचे इंग्रजी रूप त्याने प्रसिद्ध केले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर वेताळाला व्हॅम्पायर हे नाव दिले. प्रस्तुत निबंधाचा विषय या एका शब्दाचा आहे. तो शब्द ज्याने योजला त्याचे आयुष्य समजल्याखेरीज ती योजना समजत नाही, म्हणून हे चरित्र.

विषयाचे निमित्त वर्गातले आहे, हेही सांगितले पाहिजे. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील कनेरगाव नाक्याच्या परिसरातून येणारी आमची पदव्युत्तर वर्गातील मुले नारायण धारपांची ‘लुचाई’ आवडीने वाचतात, एकमेकांना वाचायला देतात आणि तिच्यावर तावातावाने बोलतात. ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे हे त्यांतील पुष्कळांना ठाऊकही असते. एका विद्यार्थिनीने विचारले की, आपल्याकडे वेताळ असताना रक्तपिपासू पिशाच बाहेरून का आणावे लागले? वेताळ रक्त पीत नाही, एवढे उत्तर देऊन मी तो तास निभावला. ते उत्तर अपुरे होते.

बर्टनचा जन्म १९ मार्च १८२१ रोजी इंग्लंडमधील टॉर्की येथे झाला. बालपण फ्रान्स व इटलीत, आईबापांच्या फिरस्तीत गेले. त्यामुळे भाषा सहज येत गेल्या आणि घर म्हणावे असे गाव राहिले नाही. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात तो रमला नाही. घोड्यांच्या शर्यतीला जाण्यावरून त्याने मुद्दाम शिस्तभंग ओढवून घेतला आणि १८४२ मध्ये त्याला तेथून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तो मुंबईस उतरला व बडोद्याच्या छावणीतील अठराव्या देशी पायदळ पलटणीत रुजू झाला. पहिल्याच वर्षात हिंदुस्थानी, मग गुजराती, त्यानंतर मराठी अशा परीक्षा त्याने ओळीने दिल्या. भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या अधिकाऱ्याला दुभाष्याची जागा मिळे आणि पगारात भर पडे, त्यामुळे या विद्याव्यासंगाला व्यवहाराची बाजू होतीच. परंतु बर्टनचे शिकणे तेवढ्यावर थांबणारे नव्हते. सिंधमध्ये मोजणी खात्यात असताना बुशेरचा मिर्झा अब्दुल्ला या नावाने, अर्धा इराणी कापडविक्या बनून तो बाजारात बसे आणि लोकांचे बोलणे ऐके. हे सोंग कुतूहलाचे किती आणि हेरगिरीचे किती, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांना सुटलेला नाही. माझ्या मते तो सुटण्यासारखाही नाही, कारण त्या काळच्या साहेबी ज्ञानव्यवहारात या दोन गोष्टी वेगळ्या निघत नाहीत.

त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी शिकवताना फोर्ट विल्यम कॉलेजातून निघालेले गद्य वापरीत. १८०५ मधील ‘बैताल पचीसी’ हे त्यांतलेच. मूळ संस्कृत कथाचक्र शिवदास व जंभलदत्त यांच्या नावावर आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ते ‘कथासरित्सागरा’त घेतले. सुरत कवीश्वराने ते व्रजभाषेत आणले, आणि त्यावरून मजहर अली खान विला व लल्लूलाल यांनी हिंदुस्थानी पाठ सिद्ध केला. मराठीत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये आली. म्हणजे बर्टन मुंबईस उतरला तेव्हा छापील मराठी वेताळ बारा वर्षांचा होता. बर्टनने छत्र्यांचे पुस्तक पाहिल्याचा पुरावा नाही, म्हणून तसे सुचवणेही गैर ठरेल. त्याची पुस्तकी परंपरा हिंदुस्थानीची होती.

१८४९ मध्ये प्रकृती खालावल्याने तो मायदेशी परतला. यानंतरचे त्याचे पराक्रम सर्वश्रुत असल्याने त्वरेने सांगतो. १८५३ मध्ये मुसलमान यात्रेकरूच्या वेषात मक्का. १८५५ च्या आरंभी हरार, आणि त्याच वर्षी बर्बेरा येथील हल्ल्यात एका गालातून दुसऱ्या गालात आरपार गेलेला भाला, ज्याचा व्रण जन्मभर राहिला. १८५८ मध्ये स्पीकसह टांगानिका सरोवर, नंतर त्याच स्पीकशी नाईल नदीच्या उगमावरून जाहीर वैर आणि १८६४ मध्ये स्पीकचा बंदुकीच्या गोळीने झालेला मृत्यू. १८६१ मध्ये इझाबेल अरंडेल हिच्याशी विवाह, आणि पुढे फर्नांदो पो, ब्राझीलमधील सांतोस, दमास्कस व अखेर त्रिएस्ते अशा वकिलातींची रांग.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या धावपळीत एका बारीक धाग्याकडे लक्ष द्यावे. बर्टन जेथे जाई तेथे गोष्ट ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांचा कट्टा जमवी. हरारच्या वाटेवर काफिल्यात स्वयंपाकाला असलेल्या दोन स्त्रियांना त्याने शहराजाद व दिनाजाद अशी नावे दिली होती, आणि मुक्कामावर शेकोटीभोवती जमलेल्यांना अरबी रात्रींच्या कथा तो सांगे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये १८६३ साली जेम्स हंट याच्यासह त्याने मानववंशशास्त्रीय संस्था स्थापन केली, आणि तिच्याच पोटी ‘कॅनिबल क्लब’ नावाचे भोजनमंडळ चालवले. सभ्य समाजात ज्या विषयांचा उच्चार होत नसे, त्यांवर तेथे मोकळी चर्चा होई. हाड चघळणाऱ्या आफ्रिकी मस्तकाच्या आकाराचा दंड हे त्याचे मानचिन्ह होते, यावरून मंडळाच्या विनोदाची आणि तुच्छतेचीही जात कळते. कवी स्विनबर्न, ग्रंथसंग्राहक मंक्टन मिल्न्स ही मंडळी त्यात होती. भयाची, निषिद्धाची आणि दूरदेशीच्या क्रौर्याची एकत्र बसून गोडी घेणाऱ्यांचे हे वर्तुळ. आपली परिभाषा, आपल्या खुणा आणि बाहेरच्यांना वगळण्याचा आनंद ही अशा सर्वच रसिकमंडळांची लक्षणे त्यात दिसतात.

‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ हे पुस्तक लंडनच्या लाँगमन्सने १८७० मध्ये काढले ते अशा श्रोत्यांसाठी. बर्टन तेव्हा दमास्कसला होता. अर्न्स्ट ग्रिझेटची चित्रे त्यात आहेत, आणि उपशीर्षकात हिंदूंच्या सैतानी कथा असे सुचवले आहे. पंचवीस कथांपैकी अकराच घेतल्या. त्याही भाषांतराच्या शिस्तीने नव्हेत. पाल्हाळ, उपहास, इंग्रज समाजावरील टोमणे असे बरेच काही त्याने वेताळाच्या तोंडी घातले. मूळच्या चौकटीला मात्र धक्का लावला नाही. राजाला रोज फळ देणारा जोगी, फळात निघालेली रत्ने, स्मशान, झाडावरचे प्रेत, वाटेत सांगितलेली कथा, राजाने तोंड उघडताच प्रेताचे झाडाकडे परत उडणे, आणि अखेर ज्या प्रश्नाला उत्तर नाही तेथे राजाचे मौन. हे सारे ‘चांदोबा’ मासिकावर वाढलेल्या वाचकाला ओळखू येईल.

बदल आहे तो वेताळाच्या देहात. बर्टनचा वेताळ फांदीला पायांच्या बोटांनी उलटा लोंबकळतो, मोठ्या वटवाघळासारखा. अंग सांगाड्यागत, स्पर्श बर्फासारखा थंड, मागे बोकडासारखे तोकडे शेपूट. प्रेत झाडाला टांगलेले असणे ही मूळ परंपरेतली गोष्ट होय; तिला वटवाघळाचा अवतार देणे ही इंग्रजी वाचकाच्या ओळखीची सोय होय. ही ओळख कोठून आली होती? सर्बियातील प्रेतांच्या वार्तांमुळे व्हॅम्पायर हा शब्द १७३२ मध्ये इंग्रजी वृत्तपत्रांत आला. १८१९ मध्ये पॉलिडोरीच्या कथेने त्याला उमरावाचा पोशाख चढवला. १८४५ ते १८४७ या काळात ‘व्हार्नी’ ही स्वस्त हप्त्यांची कादंबरी घरोघर गेली. त्यामुळे १८७० चा इंग्रज ग्राहक त्या शब्दासाठी पैसे मोजायला तयार होता.

दुसरा पर्याय नव्हता असे नाही. बार्करच्या १८५५ च्या इंग्रजी भाषांतरात वेताळासाठी राक्षसवाचक ‘डीमन’ हा शब्द आहे, तर बर्टननंतर वर्षभरातच आलेल्या प्लॅट्सच्या भाषांतरात ‘स्प्राइट’, म्हणजे चपळ, खोडकर भूत, हा शब्द आहे. तिघांच्या समोर एकच हिंदुस्थानी पाठ. प्लॅट्सची निवड मला अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळची वाटते, कारण या वेताळाचा स्वभाव बोलका, वाकड्या प्रश्नांचा आणि अखेरीस उपकारक आहे. जोग्याचा कपटी बेत राजाला तोच सांगतो. रक्त पिणे त्याच्या चरित्रात नाही. तो प्रेतात राहतो. जिवंतांवर जगत नाही. लोकधर्मात तर तो भुतांचा अधिपती आणि गावाचा राखणदार. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा व केळी अर्पण करतात. रात्री गावाभोवती फेरी घालून त्याच्या वहाणा झिजतात, ही त्यामागील श्रद्धा. वहाणा झिजवणाऱ्या दैवताला व्हॅम्पायर म्हणणे हे निव्वळ शब्दांतर नव्हे. त्याने राखणदाराची गणना शिकाऱ्यांत केली.

बर्टनला हा फरक कळत नव्हता असे म्हणता येत नाही. ज्याने तीन वर्षांत अर्धा डझन देशी भाषांचा पाठपुरावा केला त्याला अज्ञानाची सूट कशी द्यावी? कळूनही त्याने मंडळाची भाषा निवडली. भारतीय माणसाविषयीची तुच्छता त्याच्या प्रारंभीच्या ग्रंथांतही उघड आहे, आणि सहकाऱ्यांचे श्रेय झाकण्याची रीत पुढेही दिसते: १८८३ मध्ये त्याने व आर्बथनॉट याने काढलेल्या कामसूत्राच्या इंग्रजी पाठामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे श्रम होते, मुखपृष्ठावर त्यांचे नाव नव्हते. असे असूनही एक गोष्ट त्याच्या पारड्यात टाकली पाहिजे. फोर्ट विल्यमच्या गद्यावरची बाकीची इंग्रजी भाषांतरे परीक्षार्थींच्या टेबलावर राहिली. बर्टनचा वेताळ मात्र वाचला गेला, आणि आजही छापला जातो.

त्याच्या चेहऱ्याने तर एक वेगळीच कथा जन्माला घातली. १८७८ मध्ये डब्लिनला नट हेन्री आयर्विंग याच्या सहवासात असताना ब्रॅम स्टोकर या आयरिश तरुणाने बर्टनला प्रथम पाहिले. स्टोकर पुढे आयर्विंगच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला. १८७९ मध्ये आणि पुन्हा १८८६ मध्ये रात्रीच्या मेजवान्यांत त्याने बर्टनला जवळून ऐकले. तेथील रात्री प्रयोगानंतर सुरू होत, आणि पाहुणे दूरदूरच्या कथा सांगत. हाही एक कट्टाच होता, आणि स्टोकर त्यातील सर्वांत एकाग्र श्रोता असावा. १९०६ मधील आठवणींत त्याने बर्टनचा काळवंडलेला, पोलादी चेहरा वर्णिला आहे. बोलता बोलता वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा पात्यासारखा चमके, हा तपशील त्याला वीस-पंचवीस वर्षांनंतरही विसरता आला नाही. मक्केच्या वाटेवर आपले सोंग ओळखणाऱ्या एका मुलाला बर्टनने ठार केले, या प्रवादाची चर्चाही त्या आठवणींत आहे. बर्टनने हा प्रवाद कधी नाकारला, कधी हसण्यावारी नेऊन वाढू दिला.

मधल्या काळात, १८९७ मध्ये, स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली होती. तीतील उमरावाचे टोकदार दात आणि किल्ल्याच्या भिंतीवरून डोके खाली करून सरपटणे यांचा संबंध बर्टनच्या सुळ्याशी आणि त्याच्या उलट्या वेताळाशी जोडण्याचा मोह अभ्यासकांना झाला आहे. मलाही झाला. पण दातांची आठवण कादंबरीनंतर लिहिलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. कदाचित बर्टनच्या सुळ्याने ड्रॅक्युला सुचवला असेल. कदाचित ड्रॅक्युला लिहून झाल्यावर स्टोकरला बर्टन तसा दिसू लागला असेल. दोन्ही दिशा मोकळ्या असताना एकीवर शिक्का मारणे संशोधनाला धरून होणार नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेत असा शिक्का मारला की मी तो पुसतो, आणि त्यांची नाराजी पत्करतो.

१८७६ मध्ये बर्टन इझाबेलसह पुन्हा मुंबईस व गोव्यास येऊन गेला. १८८५ पासून अरबी रात्रींचे दहा खंड व पुढे पुरवणीखंड निघाले. वर्गणीदारांपुरत्या एक हजार प्रतींच्या या उद्योगाने आयुष्यात प्रथमच त्याच्या हाती भरघोस पैसा आला. २० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्ते येथे त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर इझाबेलने एका अरबी कामशास्त्रीय ग्रंथाच्या भाषांतराचे त्याचे हस्तलिखित जाळले. याबद्दल तिला फार दोष दिला गेला. वेताळाच्या पुस्तकाबाबत मात्र तिने उलट केले. १८९३ मध्ये तिने त्याची नवी आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत वेताळ म्हणजे प्रेतात शिरून ते चालवणारे मोठे वटवाघूळ, व्हॅम्पायर किंवा दुष्ट आत्मा, असा खुलासा केला. पतीने चित्रात सुचवलेले तिने व्याख्येत बसवले. इंग्रजी वाचकाला वेताळ भेटतो तो पुष्कळदा या वाक्याच्या दारातून. त्या आवृत्तीतही कथा अकराच आहेत. उरलेल्या चौदा कथांसाठी मराठी वाचकाला छत्र्यांकडे जाता येते.